बाळंतीण बसून का झोपते?

आमच्या इकोच्या खोलीच्या दारावर दोन पाट्या आहेत. एकीवर ‘टू-डी इको’ असं लिहिलंय. दुसरी कायद्याने लावावीच लागते: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. गरोदर बाई तपासणीला आली की तिच्याबरोबरची माणसं ही दुसरी पाटी आधी वाचतात आणि तरीही कुणीतरी दाराशी घुटमळत विचारतंच, ‘म्याडम, बाळ कसंय?’ मी सांगते, मावशी, बाळ मला दिसत नाही, मी हिचं हृदय बघतेय. त्यावर ‘हिला काय झालंय?’ असा चेहरा होतो. नऊ महिने सगळ्या घराचं लक्ष पोटाकडे असतं. बाईच्या छातीत काय चाललंय ते बघायला कुणी डॉक्टर चिठ्ठी देईल, हे त्यांच्या गावीही नसतं.

ती पाटी उगाच नाही. महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशाचा कायदा १९९४चा. तरी २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या. त्यामुळे आमचं यंत्र हृदयाचं असलं तरी या कायद्याखाली त्याची नोंदणी आहे, आणि नोंदवलेल्या जागेबाहेर ते नेता येत नाही. पिशवीत मावेल एवढं यंत्र आज मिळतं, पण ते घेऊन तांड्यावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बसायची सोय नाही. याचा त्रास होतो. कायदा सैल करा, असं मात्र मी म्हणणार नाही. या खोलीत मला काय काय विचारलं जातं ते मीच जाणते. मग उरतं काय, तर बाईनेच आमच्यापर्यंत यायचं आणि तिला कुणीतरी वेळेवर पाठवायचं.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काम करते. प्रसूती विभाग वरच्या मजल्यावर आहे. तिथून येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा एकच ओळ असते: दम लागतो, मर्मर ऐकू येते, इको करून अभिप्राय द्यावा. मर्मर म्हणजे ठोक्यांच्या मधे येणारा सळसळीचा आवाज. गरोदरपणी तो कितीतरी बायकांत ऐकू येतो आणि बहुतेकींत त्याचा अर्थ काहीही नसतो. अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. हृदय मिनिटाला दहा-वीस ठोके जास्त टाकतं. वाहतं रक्त वाढलं की आवाज होणारच.

इको करायला डाव्या कुशीवर वळावं लागतं. गरोदर बाईला तेच सोयीचं पडतं, कारण उताणं निजलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या नसेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, तिला घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून सातव्या महिन्यानंतर कुणी टेबलावर उताणी पडली की सिस्टर आधी तिला कुशीवर वळवतात, नाव-गाव नंतर विचारतात. मग काळी पोत बाजूला करायची, जेली लावायची. जेली थंड असते, बाई दचकते. पोटाने श्वासपटल वर ढकललेलं असतं, त्यामुळे हृदयही जरा वर सरकून आडवं झालेलं असतं. नेहमीच्या जागी प्रोब ठेवला तर चित्र येत नाही. एक फासळी वर सरकावं लागतं. नवीन रेसिडेंट डॉक्टर खालीच शोधत बसतात. रक्ताचा वेग मोजणारा डॉपलर लावला की खोलीत ‘हुश्श, हुश्श’ असा आवाज भरतो. बाई मान वळवून बघते. तिला वाटतं बाळाचे ठोके. ‘तुमचेच आहेत’ म्हटलं की काही जणी लाजतात, स्वतःकडे एवढं लक्ष द्यायची सवय नसल्यासारख्या.

चांगल्या हृदयाचंही गरोदरपणातलं चित्र नेहमीसारखं नसतं. चारही कप्पे थोडे मोठे दिसतात. उजवीकडच्या झडपांतून थोडं रक्त मागे येतं. हृदयाभोवती पाण्याची बारीकशी रेघ दिसू शकते. हे सगळं बाळंतपणानंतर आपोआप ओसरतं. पण रिपोर्टवर ‘झडपेतून सौम्य गळती’ एवढे शब्द पडले की घरी हाहाकार होतो. तो कागद घेऊन लोक शहरात दुसरा इको काढतात, मग तिसरा. सासरचे माहेरच्यांना म्हणतात, आजारी पोरगी गळ्यात बांधली. त्यामुळे माझ्या रिपोर्टच्या शेवटी मी मराठीत एक ओळ हाताने लिहिते: हे बदल गरोदरपणामुळे आहेत, हृदयविकार नाही. आमच्या खात्यात काही जणांना हे अशास्त्रीय वाटतं. वाटू दे.

अवघड भाग पुढे आहे. दम सगळ्यांनाच लागतो, तर मग कुणाचा दम खरा आजाराचा? यंत्र हे एकटं सांगू शकत नाही, कारण दम लागणारी प्रत्येक बाई यंत्रापर्यंत येतच नाही. गावातली आशाताई, उपकेंद्रातली नर्स, घरातली सासू, यांनी ते ओळखायचं असतं. घरचं उत्तर ठरलेलं असतं, ‘पोट वर आलंय, दम लागणारच की. आम्हाला नव्हता का लागत?’ आणि दहातल्या नऊ वेळा सासूचं बरोबरच असतं. म्हणून मी जिना चढताना दम लागतो का, हे विचारत नाही. रात्रीचं विचारते. कुशीवर वळून एका उशीवर झोप लागते का? झोपेतून गुदमरून उठून बसता का? पडलं की खोकला येतो आणि बसलं की थांबतो, असं होतं का? साध्या गरोदरपणाच्या दमात बाई रात्री कुशीवर झोपू शकते. हृदयाच्या दमात ती भिंतीला टेकून रात्र काढते.

तशी एक बाई ऊसतोडीहून आली होती. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली की दोघांनी मिळून ती फेडायची. त्यातली एक मोळ्या बांधायला आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायला कमी पडली, तर कोयता अर्धा. ही सातव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलत होती. मग तोंडातून फेसाळ, गुलाबीसर थुंकी यायला लागली तेव्हा टोळीने तिला गावाकडे पाठवलं. लहानपणी गुडघे-घोटे सुजून ताप आला होता, एवढं तिच्या आईला आठवत होतं. तो संधिवाताचा ताप. घशातल्या जंतुसंसर्गानंतर येतो, सांधे सोडतो आणि हृदयाच्या झडपा धरतो. मिट्रल झडप हळूहळू चिकटत, आकसत जाते. निरोगी झडपेचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. हिचं एकाच्याही आत होतं. पडद्यावर झडपेचं पुढचं पान उघडताना हॉकी स्टिकसारखं वाकत होतं. हे चित्र एकदा पाहिलं की कुठेही ओळखू येतं.

इतकी वर्षं ती या झडपेवर ऊस तोडत होती आणि सातव्या महिन्यातच का कोसळली, हे नवऱ्याला समजावताना मी एसटीचं उदाहरण देते. गाडीचं दार अरुंद आहे. एरवी स्टँडवर प्रवासी बेताचे असतात आणि गाडी चार मिनिटं थांबते, तोवर सगळे चढतात. आता प्रवासी दीडपट झालेत आणि गाडी दोनच मिनिटं थांबतेय. हृदयाचे ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला, झडप उघडी राहण्याचा वेळ कमी होतो. उरलेलं रक्त मागे फुप्फुसांत साचतं. म्हणून इलाजही गाडी जास्त वेळ थांबवायचा: ठोके कमी करणारी मेटोप्रोलॉलची गोळी, लघवीवाटे पाणी काढणारं औषध आणि विश्रांती. पहिल्या दिवशी तिचे ठोके १२४ होते आणि झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक १९. ठोके ऐंशीवर आणल्यावर तोच फरक दहावर उतरला. झडप होती तेवढीच. हे मी शिकणाऱ्या मुलांना मुद्दाम दाखवते, कारण गरोदरपणात दाबातला फरक झडपेचा आजार फुगवून सांगतो. अशा वेळी पडद्यावर झडपेचं तोंड गोठवून त्याच्या कडेने रेघ ओढायची आणि क्षेत्रफळ सरळ मोजायचं.

या आजाराचं आणि इकोचं नातं जुनं आहे. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५३च्या ऑक्टोबरात इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी पहिल्यांदा आवाजाच्या लहरींनी धडधडतं हृदय टिपलं, तेव्हा एडलरना हवी होती ती याच मिट्रल झडपेची माहिती: कुणाची शस्त्रक्रिया करावी आणि कुणाची नाही. असलं यंत्र त्यांनी आधी जहाजांच्या कारखान्यातून उसनं आणलं होतं, लोखंडातल्या भेगा शोधायचं. पुढे ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या बाळासाठी सोनोग्राफी आणली, तीही कारखान्यातल्या भेगा शोधणाऱ्या यंत्रावरूनच. आणि डॉपलरवरून झडपेतला दाब कसा काढायचा, हे बसवणाऱ्यांत नॉर्वेच्या लिव्ह हॅटल या डॉक्टरबाई आघाडीवर होत्या. रक्ताच्या वेगाचा वर्ग करायचा आणि चारने गुणायचं. त्याआधी हाच आकडा काढायला हृदयात नळी घालावी लागायची आणि क्ष-किरण वापरावे लागायचे. गरोदर बाईच्या बाबतीत हा फरक केवढा, ते वेगळं सांगायला नको. इकोत किरणोत्सर्ग नसतो, बाळाला धोका नाही. ‘पोटात बाळ आहे, फोटो काढून चालेल का?’ असं रोज कुणीतरी विचारतं, म्हणून हे इथेही लिहिते.

त्या ऊसतोडीच्या बाईला आम्ही हृदयात नळी घालण्याची सोय, म्हणजे कॅथलॅब, असलेल्या रुग्णालयात पाठवलं. तिथे मांडीतल्या नसेतून फुगा नेऊन झडप फाकवली. पोटाभोवती शिशाचं आवरण गुंडाळलं आणि क्ष-किरण अगदी मोजके वापरले. महात्मा फुले योजनेत खर्च बसला. परत आली तेव्हा झडपेचं तोंड पावणेदोनच्या आसपास होतं आणि ती आडवी पडून हसत होती. बाळंतपण नेहमीसारखंच, कळा येऊन झालं. घरचे सिझरसाठी मागे लागले होते. हृदयाची बाई म्हणजे सिझर, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात सिझरमध्ये रक्त जास्त जातं आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. कळा कमी जाणवतील अशी भूल द्यायची, शेवटी तिला जोर करू न देता चिमट्याने बाळ घ्यायचं, हे बहुतेक हृदयरोगी बायकांना जास्त मानवतं.

बाळ बाहेर आलं की वॉर्डात सगळे निःश्वास टाकतात. आम्हा हृदयवाल्यांची खरी जागरणं तिथून सुरू होतात. गर्भाशय आवळलं की त्यातलं तीनशे ते पाचशे मिलिलिटर रक्त एकदम अंगात परत येतं. मोठ्या नसेवरचा भार सुटतो, तेही रक्त हृदयाकडे धावतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत पायांवरच्या सुजेतलं पाणी रक्तात उतरतं. आधीच तुंबलेल्या हृदयावर हा लोंढा येतो. नऊ महिने निभावलेली बाई बाळंतपणानंतरच्या पहिल्या रात्री जाऊ शकते, आणि नेमक्या त्याच वेळी सगळे पाळण्याभोवती असतात.

याहून फसवा आजार आधी निरोगी असलेल्या बाईलाच गाठतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायूच अशक्त होतो. इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही वॉर्डात ‘पीपीसीएम’ म्हणतो. झडपा ठीक, रक्तवाहिन्या ठीक, लहानपणी काही नाही. नायजेरियाच्या झारिया भागात तो फार दिसतो. तिथल्या बाळंतिणी चाळीस दिवस तापवलेल्या मातीच्या ओट्यावर निजतात आणि एक खारट क्षार घालून पेज खातात, म्हणून हा आजार होतो, असं पूर्वी मानलं जाई. नंतरच्या अभ्यासांत ते कारण पुरेसं ठरलं नाही. आपल्याकडच्या शेक-शेगडीलाही मी दोष देत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या प्रत्येक दुखण्याला एक घरगुती नाव तयार असतं.

एका बाळंतिणीला १०८मधून आणलं तेव्हा तिच्या कानांना घट्ट रुमाल बांधलेला होता, अंगावर भर उन्हाळ्यात स्वेटर, आणि ती स्ट्रेचरवर बसलेली. आडवी व्हायला तयार नव्हती. सिझर होऊन बारा-तेरा दिवस झालेले. ‘वारं लागलंय,’ बरोबरची सासू सांगत होती. ओवा-बाळंतशेपा झालं, छातीला शेकून झालं. एका खासगी दवाखान्यात दमा समजून वाफ दिली होती, खोकल्याचं औषध दिलं होतं. तिने स्वतः एकच गोष्ट सांगितली, तीही दोन श्वासांत तोडून: ‘आठ दिस झाले... बसूनच निजते.’

पोटात बाळ होतं तेव्हा दमाचा दोष पोटाला देता आला असता. आता पोट उतरलेलं होतं. एवढ्या एका गोष्टीवरून कुणालाही शंका यायला हवी होती.

तिचा इको मी उभं राहून केला. खाट डोक्याकडून पूर्ण वर, बाई बसलेली, सिस्टरने पाठीला आधार दिलेला. स्तन दुधाने दाटलेले, प्रोब टेकवला तरी दुखत होतं. फासळ्यांमधून जागा मिळेना. पोटाकडून बघावं तर टाके. शेवटी डाव्या बाजूला, काखेच्या थोडं पुढे, तिने श्वास सोडल्यावर क्षणभर चित्र मिळे आणि पुन्हा जाई. पण तेवढ्या क्षणभरातही पुरेसं दिसलं. डावा खालचा कप्पा फुगलेला, भिंती जागच्या जागी थरथरणाऱ्या, आत येत नव्हत्या. कप्पा इतका पसरलेला की झडपेची पानं एकमेकांना पोचत नव्हती, मधून रक्त मागे येत होतं. पंपिंग पंचवीस टक्के.

पंपिंगच्या या आकड्याचा एक घोळ इथेच सांगून टाकते. शंभरपैकी साठ म्हणजे चाळीस टक्के हृदय गेलं, असं लोक समजतात. निरोगी हृदयही दर ठोक्याला आतलं साठ-पासष्ट टक्केच रक्त बाहेर टाकतं. शंभर कुणाचंच नसतं. तेव्हा साठ म्हणजे उत्तम, आणि पंचवीस म्हणजे खरोखर वाईट. दुसरा घोळ डॉक्टरांचा. पंपिंग साठ आलं की हृदय ठीक, असं म्हणून मोकळं व्हायचं. गरोदरपणात रक्तदाब फार वाढलेल्या बाईचं हृदय जोरात आवळतं, पण सैल पडत नाही, आणि पंपिंग उत्तम असूनही फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणून हृदय शिथिल होताना कसं वागतं तेही मोजावं लागतं. त्याचं मोजमाप यंत्रात असतं, फक्त घाईत कुणी करत नाही. अशा बायकांना पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. हे त्यांना डिस्चार्जच्या वेळी कुणी सांगत नाही; बाळंतपण झालं, बीपी उतरलं, गोळी बंद, संपलं.

तर ती रुमालवाली. ऑक्सिजन आणि पाणी काढणारं इंजेक्शन यांवर दोन दिवसांत ती टेकून झोपायला लागली. मग हृदयाच्या गोळ्या. त्यांपैकी एनालाप्रिल गरोदरपणात देता येत नाही, बाळाच्या मूत्रपिंडांना घातक असतं. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही चालतं. एका औषधावरून मात्र आमच्यात बराच खल झाला. ब्रोमोक्रिप्टीन. दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनचा एक तुकडा हृदयाच्या स्नायूला इजा करतो असं दिसलंय, आणि ते रोखणाऱ्या या गोळीने हृदय लवकर सावरतं असे दक्षिण आफ्रिकेतले आणि जर्मनीतले अभ्यास आहेत. पण तिने दूध आटतं. बाळ सव्वादोन किलोचं. गावात पाणी टँकरचं, बाटली उकळून कोण देणार? वरच्या दुधावर अतिसाराने बाळ गेलं तर आईचं हृदय सावरून काय उपयोग, असं बालरोगवाल्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं. तिला विचारलं, तेव्हा ती काही न बोलता बाळाला पदराखाली घेऊन बसली. गोळी दिली नाही.

या आजारात निम्म्या बायकांचं हृदय सहा महिन्यांत पूर्ववत होतं, हे खरोखरच नवल आहे. पण ते झालं की नाही हे बघायला बाई परत यायला हवी, आणि तिथेच घोडं अडतं. दम गेला की गोळ्या बंद होतात. इकोचा कागद घराच्या आढ्यात खोचला जातो आणि पावसाळ्यात जातो. एकीला विचारलं, बाळाच्या लसी कुठवर आल्या? तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. एकही तारीख चुकलेली नव्हती. तेव्हापासून आईच्या इकोची तारीख मी वेगळ्या कागदावर लिहीत नाही. बाळाच्या कार्डावर, दीड महिन्याच्या लशीच्या रांगेत, लाल पेनाने लिहिते: आईचा इको. मग चौदा आठवड्यांच्या आणि नऊ महिन्यांच्या लशीपुढे पुन्हा. लस उपकेंद्रात टोचली जाते, तिथली नर्स ती लाल ओळ वाचते आणि बाईला विचारते. रुमालवाली अशीच आली. दीड महिन्याला पंपिंग अडतीस, नऊ महिन्यांना पंचावन्न. बाळ टेबलाखाली रांगत होतं, वायर ओढत होतं.

सासूने बाहेर गाठून विचारलं, ‘आता दुसरं होऊ द्यायला हरकत न्हाई ना? पहिली पोरगीच हाय.’ मी म्हटलं, हरकत आहे. पंपिंग भरून आलं तरी पुढच्या खेपेला पुन्हा घसरू शकतं. भरून आलं नसेल तर पुढचं बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ. हे मी सुनेला, सासूला आणि नवऱ्याला एकत्र बसवून सांगते, एकेकट्याला सांगितलं तर वाटेत बदलतं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या अशा बायकांना नकोत. तांबी चालते. नवऱ्याची नसबंदी सर्वांत सोपी, असं म्हटलं की नवरा खिडकीबाहेर बघायला लागतो. या मुद्द्यावर मला फारसं यश नाही.

रक्तक्षयाचं वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात सांगते. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन पाच असलेली बाई इकोत जोमदार धावणारं हृदय दाखवते, आणि रात्रीतून दोन बाटल्या रक्त भरभर चढवलं की तिच्या फुप्फुसांत पाणी होतं. रक्त द्यायचंच, पण थेंब मोजून आणि तिला बसवून.

महाराष्ट्रात मातामृत्यूंचं प्रमाण २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, रक्तस्रावावर आणि तापावर वेळेत इलाज होऊ लागले, त्याचं हे फळ आहे. ते मृत्यू कमी झाले की हृदयाचे मृत्यू उघडे पडतात. ब्रिटनमध्ये, जिथे प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते, तिथे हृदयविकार आघाडीच्या कारणांत आहे. आपल्याकडे दर महिन्याच्या नऊ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या रांगेत वजन, बीपी, रक्त, पोट सगळं बघतात. रात्री कशी झोपतेस, हा प्रश्नही तिथे छापील रकाना करून घालावा, आणि तसाच रकाना बाळंतपणानंतरच्या गृहभेटीच्या फॉर्मात असावा, असं मी वरिष्ठांना लिहून दिलंय. त्याला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही.

तोवर हे काम घरच्यांनी करायचं आहे. तुमच्या घरात, शेजारात बाळंतीण असेल आणि ती रात्री आडवी न होता भिंतीला टेकून बसत असेल, पडल्यावर खोकत असेल, तर तिला वारं लागलंय असं म्हणून चार दिवस थांबू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या, न जमल्यास १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की बाळंतपण होऊन किती दिवस झाले आणि हिला निजता येत नाही. इको करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.